जोसेफ के.ची बँक

फ्रान्झ काफ्काच्या ‘द ट्रायल’विषयी मराठीत जी चर्चा झाली तिच्यात न्यायालयाला मिळालेल्या जागेच्या मानाने बँकेला मिळालेली जागा नगण्य म्हणावी इतकी आहे. कादंबरीचा नायक जोसेफ के. हा एका मोठ्या बँकेतील वरिष्ठ अधिकारी आहे, ही गोष्ट कथासार सांगताना पहिल्या वाक्यात येते आणि तेथेच संपते. पुढे चर्चा चालते ती अपराधभावाची, अनाकलनीय सत्तेची, ईश्वराच्या अनुपस्थितीची आणि मानवी अस्तित्वाच्या असंगततेची. साठोत्तरी काळात अस्तित्ववादाची परिभाषा हाताशी होती, विला आणि एडविन म्यूर यांचे १९३७ चे इंग्रजी भाषांतर उपलब्ध होते, आणि या दोहोंच्या आधारे काफ्काचे जे वाचन घडले ते आपल्या परीने समृद्धही होते. मात्र हा नायक कोणत्या टेबलाशी बसतो, त्याच्या दाराशी कोण उभे असते, त्याची सही कोठे चालते आणि कोठे चालत नाही, या बाबी त्या परिभाषेला तपशिलाच्या आणि म्हणून दुय्यम वाटल्या.

काफ्काच्या बाबतीत तपशील आणि आशय अशी फाळणी विशेष घातक ठरते. कादंबरीतील घटनांचा क्रम नुसता पुन्हा मांडून पाहिला तरी एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या चौकशीचे बोलावणे के.ला येते ते बँकेतील दूरध्वनीवर. खटल्याची वार्ता ऐकून गावाहून धावत आलेला काका त्याला गाठतो तो बँकेत, आणि त्या भेटीतूनच पुढे वकील हुल्ड उपलब्ध होतो. न्यायाधीशांची चित्रे काढणाऱ्या टिटोरेलीचा पत्ता मिळतो तो बँकेच्या एका कारखानदार ग्राहकाकडून. ज्या कॅथीड्रलमध्ये तुरुंगाचा धर्मोपदेशक त्याला नावाने हाक मारतो, तेथे के. जातो तो बँकेच्या एका इटालियन पाहुण्याला शहर दाखवण्याच्या कामगिरीवर. न्यायालयाकडे जाणारा जवळजवळ प्रत्येक रस्ता बँकेतून जातो. असे असताना बँक ही केवळ नायकाच्या उपजीविकेची सोय आणि न्यायालय हेच कादंबरीचे खरे स्थळ, असे मानणे संहितेला धरून होत नाही.

मूळ जर्मन संहितेत के.चा हुद्दा ‘प्रोकुरिस्ट’ असा आहे. इंग्रजी भाषांतरकारांनी त्यासाठी निरनिराळे पर्याय योजले आणि प्रत्येक पर्यायात काही ना काही निसटले. प्रोकुरिस्ट म्हणजे केवळ वरिष्ठ कर्मचारी नव्हे. ज्याला पेढीने आपल्या वतीने सही करण्याचा कायदेशीर अधिकार दिला आहे आणि ज्याच्या या अधिकाराची व्यापारी नोंदवहीत नोंद झालेली असते, असा माणूस. त्याने सही केली की पेढी बांधली जाते. मराठीतला ‘मुखत्यार’ हा जुना शब्द या अर्थाच्या बराच जवळ जातो; किंबहुना इंग्रजीपेक्षा मराठीला येथे अधिक सोयीचा शब्द मिळालेला आहे. मुखत्याराचे तोंड आणि हात दोन्ही दुसऱ्याच्या वतीने चालतात. त्याला प्रतिष्ठा असते ती या उसन्या सामर्थ्याची. के. हा असा मुखत्यार आहे, आणि कादंबरीत त्याच्यावर जो प्रसंग येतो तो नेमका स्वतःच्या वतीने बोलण्याचा आहे. 

हाच हुद्दा काफ्काने आधी एकदा वापरला होता. १९१२ मध्ये लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रूपांतर’ या कथेत ग्रेगोर साम्सा सकाळी गाडीला वेळेवर न पोचल्याबरोबर कंपनीकडून जो माणूस घरी येऊन थडकतो तो प्रोकुरिस्टच आहे. बंद दाराबाहेर उभा राहून तो ग्रेगोरच्या कामातील कसुरीविषयी आणि वसुलीच्या पैशांविषयी, त्याच्या आईवडिलांच्या देखत, बोलतो. त्याच कथेत ग्रेगोरला आजारी असल्याचे कळवावे असे क्षणभर वाटते; पण मग मालक आजार-विम्याच्या डॉक्टरला घेऊन येईल, आणि त्या डॉक्टरच्या दृष्टीने जगात फक्त धडधाकट पण कामचुकार माणसे असतात, असा विचार करून तो थांबतो. विम्याच्या कचेरीत प्रत्यक्ष काम केल्याशिवाय हे निरीक्षण इतके कोरडे आणि इतके अचूक उतरत नाही. ‘रूपांतर’मध्ये दाराबाहेर उभा असलेला हुद्दा ‘द ट्रायल’मध्ये दाराच्या आत, अंथरुणात, अटकेत सापडतो. १९१४ च्या उन्हाळ्यात ही कादंबरी लिहायला घेताना काफ्काने नायकासाठी हीच जागा का निवडली असावी, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

काफ्काच्या नोकरीविषयी एक सोपे मिथक रूढ झालेले आहे : दिवसा कचेरीचा तुरुंग, रात्री लेखनाचे स्वातंत्र्य. त्याच्या पत्रांतून आणि रोजनिशीतून या मिथकाला भरपूर आधार मिळतो हे खरे; पण लेखकाच्या तक्रारीलाच त्याच्या अनुभवाचे संपूर्ण वर्णन मानण्याची चूक समीक्षेने करू नये. कायद्याची डॉक्टरेट १९०६ मध्ये घेतल्यानंतर काफ्का १९०७ च्या ऑक्टोबरात ‘आसिकुरात्सिओनी जेनेराली’ या विमा कंपनीच्या प्राग येथील शाखेत रुजू झाला. १८३१ मध्ये त्रिएस्ते येथे स्थापन झालेली ही कंपनी म्हणजे त्या काळच्या युरोपातील एक बलाढ्य वित्तसंस्था. पगार महिना ऐंशी क्राउन, दिवसाचे आठ-नऊ तास काम. पुढेमागे परदेशी नेमणूक होईल या आशेने त्याने इटालियन शिकायला सुरुवात केली. नऊ-दहा महिन्यांत प्रकृतीचे कारण देऊन तो बाहेर पडला. जुलै १९०८ पासून जुलै १९२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो बोहेमियाच्या कामगार अपघात विमा संस्थेत होता. १८८७ च्या ऑस्ट्रियन कायद्यान्वये कारखानदारांना आपल्या कामगारांचा अपघात विमा उतरवणे बंधनकारक झाले होते. धंद्यातील धोक्याच्या प्रमाणात कारखान्यांचे वर्ग पाडले जात आणि वर्गानुसार हप्ता ठरे. या वर्गवारीविरुद्ध कारखानदार जे अर्ज करीत त्यांना उत्तरे तयार करणे हा काफ्काच्या कामाचा एक मोठा भाग होता. लाकूड रंधण्याच्या यंत्रात चौकोनी दांड्याऐवजी गोल दांडा बसवला तर कामगारांची बोटे कशी वाचतात, हे सांगणारे त्याचे टिपण संस्थेच्या अहवालात १९१० मध्ये छापले गेले. सोबत बोटे तुटलेल्या हातांच्या आकृत्या आहेत. हे गद्य ‘साहित्य’ नव्हे, पण भयाचा उच्चार न करता भयानक वस्तू मोजमापाने सांगण्याची जी रीत काफ्काची म्हणून ओळखली जाते, तिचा सराव या टिपणात स्पष्ट दिसतो. 

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. माक्स ब्रोडने काफ्काचे एक बोलणे नोंदवून ठेवले आहे. जायबंदी झालेल्या कामगारांच्या नम्रतेचे काफ्काला नवल वाटे. संस्थेवर चाल करून सर्व काही फोडून टाकायचे सोडून ही माणसे विनंती करायला येतात, असा त्याचा आशय आहे. हे नवल वाटणारा माणूस विनंती करणाऱ्यांच्या रांगेत उभा नव्हता, टेबलाच्या आतल्या बाजूला बसला होता. काफ्का हा कचेरीचा बळी होता असे म्हणताना तो कचेरीचा अधिकारीही होता, क्रमाने बढत्या मिळवत वरिष्ठ सचिवपदापर्यंत पोचलेला अधिकारी होता, याचा विसर पडतो. ‘द ट्रायल’मधील बँक वाचायची तर ती या दुसऱ्या बाजूने वाचावी लागते.

अटकेचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. तिसाव्या वाढदिवशी सकाळी के.ला अटक होते; आणि थोड्याच वेळात निरीक्षक त्याला सांगतो की तुम्हाला आता बँकेत जायचे असेल. अटक झालेली आहे, पण तिच्यामुळे नोकरीत खंड पडण्याचे कारण नाही. के.ला याचे आश्चर्य वाटते आणि वाचकालाही. मग निरीक्षक खोलीच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या तीन तरुणांकडे बोट दाखवतो : के.चे बँकेतील पुनरागमन कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्याचे हे तीन सहकारी मुद्दाम येथे आणवलेले आहेत. राबेनश्टाइनर, कुलिख आणि कामिनर इतका वेळ त्याच खोलीत होते आणि के.ने त्यांना ओळखले नव्हते. या क्षणी के.च्या मनात प्रथम काय येते? भीती नव्हे, लाज नव्हे. ‘सहकारी’ हा शब्द जरा अधिकच झाला, ते बँकेतील कनिष्ठ नोकर आहेत, आणि निरीक्षकाला हा फरक माहीत नसणे ही त्याच्या सर्वज्ञतेतली एक फट आहे, असे त्याच्या मनात येते. अटकेच्या क्षणीही हुद्द्यांचा हिशेब चालू आहे. ज्यांना आपण रोज पाहतो पण ओळखत नाही ती माणसे आपल्या अटकेला साक्षी होती, याचा अर्थ न्यायालय बँकेत अगोदरच पोचलेले आहे असा होतो, के.ला मात्र त्यात फक्त प्रोटोकॉलची चूक दिसते.

त्याच संध्याकाळी घरमालकीण फ्राउ ग्रुबाखशी बोलताना के. एक मोठे अर्थपूर्ण विधान करतो. बँकेत असे काही घडणे शक्यच नव्हते, असे तो म्हणतो. तेथे त्याचा स्वतःचा शिपाई आहे, टेबलावर बाहेरचा आणि आतला असे दोन्ही दूरध्वनी आहेत, ग्राहकांची आणि अधिकाऱ्यांची ये-जा सतत चालू असते. तेथे तो कामाच्या संदर्भात असतो आणि म्हणून सावध असतो. मोठ्या वित्तसंस्थेत काम करणाऱ्या माणसाची आत्मप्रतिमा इतक्या थोड्या वस्तूंत क्वचितच कोणी मांडली असेल. शिपाई, दोन फोन, थांबलेली माणसे. यातील एकही वस्तू त्याची नाही, आणि त्या काढून घेतल्या तर उरतो तो भाड्याच्या खोलीत अंथरुणावर नाश्त्याची वाट पाहणारा एक तीस वर्षांचा इसम. पहिल्या चौकशीत दंडाधिकारी जेव्हा त्याला तुम्ही घरे रंगवणारे आहात ना, असे विचारतो, तेव्हा के. ताठ्याने उत्तर देतो : नाही, मी एका मोठ्या बँकेचा पहिला प्रोकुरिस्ट आहे. यावर सभागृहातील अर्धे लोक खदखदून हसतात. हे हसणे न्यायालयाच्या अडाणीपणाचे द्योतक म्हणून वाचले जाते. पण ‘तू कोण’ या प्रश्नाला हुद्द्याखेरीज दुसरे उत्तर ज्याच्यापाशी नाही त्याला हसणे, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो, आणि कादंबरीच्या पुढील भागाशी हा अर्थ अधिक जुळतो.

बँकेतील ताबेदारीचे चित्रण काफ्काने थोडक्या हालचालींतून केले आहे. उपसंचालक के.ला आपल्या शिडाच्या नौकेवर रविवारच्या मेजवानीचे निमंत्रण देतो, के.च्या दृष्टीने ही केवढी तरी घटना आहे, कारण ज्याच्याशी आजवर फारसे सख्य नव्हते तो वरिष्ठ स्वतः हात पुढे करीत आहे. पण त्याच रविवारी चौकशी आहे. के. नकार देतो आणि हा नकार त्याला पुढे महागात पडतो. अपुऱ्या राहिलेल्या एका प्रकरणात के. मन लावून अहवाल वाचून दाखवीत असताना हाच उपसंचालक त्याच्या टेबलाच्या कडेचा छोटा नक्षीदार कठडा चाकूने उचकटू लागतो, अखेर तो मोडतो. अहवालाकडे त्याचे लक्ष आहे की नाही हे कळतच नाही. कचेरीत एका माणसाने दुसऱ्याची जागा घेण्याची प्रक्रिया कशी चालते हे सांगण्यासाठी याहून अधिक काही लिहिण्याची गरज नव्हती, आणि काफ्काने लिहिलेले नाही.

कादंबरीचे मर्म मात्र बँकेतील दोन जागांत आहे : अडगळीच्या खोलीत आणि के.च्या स्वतःच्या दारात.

एका संध्याकाळी बहुतेक लोक घरी गेलेले असताना के.ला जिन्याकडे जाणाऱ्या बोळात एका दारामागून उसासे ऐकू येतात. ही अडगळीची खोली. जुने निरुपयोगी छापील कागद आणि रिकाम्या मातीच्या दौती यांनी भरलेली. आत तीन माणसे आहेत. के.ला अटक करायला आलेले दोन पहारेकरी फटके खाण्यासाठी उभे आहेत, आणि तिसरा फटके मारणारा. कारण? के.ने चौकशीच्या वेळी त्यांच्याविरुद्ध तक्रार केली होती. आपण शिक्षेची मागणी केलीच नव्हती, आपण एका तत्त्वाविषयी बोलत होतो, असे के. म्हणतो. दोष या माणसांचा नाही, दोष संघटनेचा आहे, वरच्या अधिकाऱ्यांचा आहे, असेही म्हणतो. तो लाच देऊ पाहतो, ती स्वीकारली जात नाही. एक पहारेकरी किंचाळतो. आवाज ऐकून बँकेचे शिपाई येऊ लागतात, तेव्हा के. दार लोटून घेतो आणि त्यांना सांगतो की चौकात कुत्रा ओरडला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दार उघडतो : तेच तिघे, तीच छडी, तीच विनवणी, जणू मधला दिवस गेलाच नाही. के. दार आपटतो, प्रतिमुद्रणाच्या यंत्राशी काम करणाऱ्या शिपायांकडे जातो आणि ती खोली एकदाची साफ करा, आपण घाणीत बुडत चाललो आहोत, असे जवळजवळ रडवेल्या स्वरात सांगतो. उद्या करतो, असे ते सांगतात.

या प्रसंगाची स्वप्नसदृशता वारंवार वाखाणली गेली आहे. त्यातील कार्यालयीन वास्तव मात्र नजरेआड झाले. तक्रार योग्य मार्गाने गेली, तिची दखल घेतली गेली, तिची अंमलबजावणी झाली, आणि अंमलबजावणी ज्यांच्यावर झाली ते सर्वांत खालच्या पायरीवरचे होते. तक्रार करणाऱ्याला परिणाम पाहावा लागला तो केवळ चुकून, घरी जाताना. ‘वरच्या अधिकाऱ्यांचा दोष’ असे के. म्हणतो तेव्हा तो स्वतः बँकेचा वरचा अधिकारी आहे हे त्याला आठवत नाही. काफ्काला आठवते, म्हणूनच हा प्रसंग न्यायालयाच्या माळ्यावर न घडता बँकेच्या बोळात घडतो. आणि शेवटी के. करतो काय? खालच्या माणसांना साफसफाईचा हुकूम देतो. हिंसेचे रूपांतर अस्वच्छतेत होते आणि अस्वच्छतेचे रूपांतर उद्याच्या कामात.

दुसरी जागा के.च्या खोलीचे दार. खटला पुढे सरकतो तसे के.च्या मनात येते की वकिलावर विसंबून न राहता न्यायालयाला आपणच निवेदन सादर करावे. त्यात आपल्या आयुष्याची सर्व लहानमोठी कृत्ये आठवून लिहावीत आणि प्रत्येकाचे समर्थन करावे. हिवाळ्याच्या एका सकाळी तो बँकेत, आपल्या खोलीत, याच विचारात बसलेला आहे. त्याने शिपायाला सांगून ठेवले आहे की साहेब महत्त्वाच्या कामात आहेत, कनिष्ठांपैकी कोणालाही आत सोडायचे नाही. महत्त्वाचे काम म्हणजे खुर्चीत वळणे, टेबलावरच्या वस्तू सरकवणे आणि मान खाली घालून बसून राहणे. बाहेर माणसे थांबली आहेत. अखेर कारखानदार आत येतो, हिशेबाचे कागद पसरतो, के.ला ते वाचता येत नाहीत. उपसंचालक येतो आणि ग्राहकाला हळूच आपल्याकडे वळवतो. नंतर टिटोरेलीकडे जाण्यासाठी के. निघतो तेव्हा बाहेर ताटकळलेले आणखी तीन गृहस्थ त्याच्या अंगावर येतात. त्यांना तो लोटतो, आणि पाहतो तो उपसंचालक त्यांनाही घेऊन जात आहे. एवढेच नव्हे, तर के.च्या खोलीत शिरून कागदही शोधत आहे.

कॅथीड्रलमध्ये धर्मोपदेशक जी कथा सांगतो ती सर्वपरिचित आहे. कायद्याच्या दाराशी द्वारपाल उभा आहे. खेडुत आत जाऊ देण्याची विनंती करतो. आता नाही, असे उत्तर मिळते. तो वर्षानुवर्षे बसून राहतो आणि तेथेच मरतो. या कथेवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. पण कादंबरीच्या अंतर्गत रचनेत हा द्वारपाल प्रथमच येथे येतो असे नाही. तो यापूर्वी एकदा येऊन गेला आहे : के.च्या दाराशी, के.च्याच हुकुमावरून, बँकेच्या गणवेषात. आत प्रकाश नाही, कायदा नाही, कसले महत्त्वाचे काम नाही. टेबलावर मान टाकून बसलेला एक माणूस आहे. धर्मोपदेशकाशी द्वारपालाच्या बाजूने आणि खेडुताच्या बाजूने वाद घालताना के. एकदाही असे म्हणत नाही की असा द्वारपाल माझ्याकडेही आहे. खेडुताशी तो तत्काळ एकरूप होतो. वाचकही होतो, समीक्षकही होतात. मोठ्या वित्तसंस्थेत काम करण्याच्या अनुभवाचा सर्वांत खोल धागा काफ्काने येथे पकडला आहे. या संस्थांत प्रत्येक माणूस कोणाच्या तरी दाराशी थांबलेला असतो आणि कोणाला तरी दाराशी थांबवीत असतो; स्वतःविषयी बोलताना त्याला फक्त पहिली गोष्ट आठवते.

हे वाचन म्हणजे काफ्काचे समाजशास्त्रीय न्यूनीकरण होय, असा आक्षेप घेतला जाईल. न्यायालय म्हणजे दुसरे-तिसरे काही नसून बँकच, असे येथे सुचवायचे असते तर तो आक्षेप रास्त ठरला असता. न्यायालय बँकेपेक्षा मोठे आहे, जुने आहे, आणि त्याचे माळे कोठे संपतात ते कळत नाही. मुद्दा एवढाच की के.ला न्यायालयाची रीत समजत नाही याचे कारण ती परकी आहे हे नसून ती त्याच्या अंगवळणी पडलेली आहे हे आहे. टिटोरेली सुटकेचे तीन प्रकार सांगतो : खरी निर्दोष मुक्तता, जी कोणाला मिळाल्याचे ऐकिवात नाही, दिखाऊ मुक्तता, जिच्यानंतर पुन्हा अटक होऊ शकते, आणि प्रकरण कायम प्राथमिक अवस्थेत ठेवणारी लांबण. यातील शेवटचे दोन प्रकार कर्जखाते हाताळणाऱ्या कोणत्याही बँक अधिकाऱ्याला नवे वाटू नयेत. हुंडीचे नूतनीकरण आणि मुदतवाढ या व्यवहारांत परतफेड नसते, बुडीतही नसते. के. मात्र टिटोरेलीच्या गुदमरवणाऱ्या खोलीत हे सारे प्रथमच ऐकत असल्यासारखा ऐकतो. कादंबरीचे मूळ नाव ‘डेअर प्रोत्सेस’. जर्मनमध्ये या शब्दाला खटला आणि प्रक्रिया असे दोन्ही अर्थ आहेत. मराठी वाचकाला ‘ट्रायल’ या इंग्रजी शब्दातून पहिला अर्थ पोचला, दुसरा वाटेतच राहिला.

वित्तसंस्थेत नोकरी केलेल्या इतर थोर लेखकांशी तुलना केली तर काफ्काचे वेगळेपण उठून दिसते. टी. एस. एलियट १९१७ ते १९२५ लॉइड्‌स बँकेत होता. वॉलेस स्टीव्हन्स १९१६ पासून १९५५ मध्ये मृत्यू येईपर्यंत हार्टफर्ड येथील विमा कंपनीत होता आणि तिचा उपाध्यक्षही झाला. स्टीव्हन्सने कविता आणि विम्याचे दावे यांच्यामध्ये भिंत घातली आणि ती बहुतांशी टिकवली. एलियटच्या कवितेत लंडनच्या आर्थिक पेठेकडे निघालेली गर्दी येते, पण ती पुलावरून दिसते, टेबलाशी बसलेली दिसत नाही. काफ्काने टेबल कादंबरीत आणले.

मराठीत हे टेबल फारसे आलेले नाही. कारकून आला, विपुल आला. ‘असा मी असामी’तील धोंडो भिकाजी कडमडे जोशी हा एका कंपनीतला कारकून; त्याच्या निमित्ताने पु. ल. देशपांडे यांनी बदलत्या मध्यमवर्गाचा जो आलेख काढला तो आजही ताजा आहे. परंतु त्यातील हास्य उगवते ते घर, चाळ, पोशाख, मुले यांतून. जोशी दिवसभर कोणता कागद पुढे सरकवतात हा त्या पुस्तकाचा विषय नाही, आणि तो असावा अशी अपेक्षाही नाही. प्रश्न एका पुस्तकाचा नसून एका सवयीचा आहे. मराठी कथात्म साहित्यात नोकरदार माणूस प्रामुख्याने घरी असतो, लोकलमध्ये असतो, डबा उघडताना असतो, बढतीची वाट पाहताना असतो. त्याच्या सहीने कोणाचे काय झाले, त्याच्या खणात कोणाचा अर्ज पडून राहिला, ही बाजू अपवादानेच येते. १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ विमाकर्ते एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि ‘बँकेत आहे’, ‘एलआयसीत आहे’ ही स्थळे सांगून आलेल्या मुलाची पुरेशी ओळख ठरू लागली. महामंडळाच्या मुंबईतील मुख्य कचेरीचे नाव ‘योगक्षेम’. गीतेत भगवंताने भक्ताला दिलेले आश्वासन एका कचेरीच्या नावात आले, यातील अर्थवत्ता कादंबरीकाराला मोहात पाडील अशी होती. तरीही या कचेरीच्या आतले आयुष्य मराठीत कणाकणानेच उतरले.

भाषेची अडचण होती असे म्हणता येत नाही. उलट काफ्काला लागणारी भाषा मराठी कचेऱ्यांत तयारच होती. ‘कळविण्यात येते की’, ‘आढळून आले आहे’, ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर’ : या वाक्यांना कर्ता नाही. कोणी कळवले, कोणाला आढळले, कोण विचार करीत आहे, हे व्याकरणानेच गिळून टाकले आहे. के.ला अटक करायला आलेल्यांना अटक का, असे विचारले की ते सांगतात की ते सांगण्याचा अधिकार त्यांना नाही. मराठीत हे उत्तर शोधून काढावे लागत नाही. समीक्षेने या कर्मणी प्रयोगाकडे रूक्ष सरकारी मराठी म्हणून नाक मुरडले, लेखकांनी त्याची टवाळी केली. त्यात एक संपूर्ण जगण्याची रीत साठलेली आहे हे दोघांनीही मनावर घेतले नाही. १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणांनी, २००० पासून विमाक्षेत्रात आलेल्या खासगी कंपन्यांनी आणि संगणकाच्या पडद्याने या कचेऱ्यांचे रूप पालटले. वांद्रे-कुर्ला संकुलातील काचेच्या इमारतीत शिपाई दाराशी नसतो. दार ओळखपत्र लावल्यावर उघडते किंवा उघडत नाही. अर्ज नाकारणारा अधिकारी ग्राहकाला दिसत नाही आणि पुष्कळदा अधिकाऱ्यालाही नकाराचे कारण पडद्यावर जेवढे उमटते तेवढेच ठाऊक असते. कर्ता वाक्यातूनच नव्हे, खोलीतूनही गेला. या जगात रोज दहा तास काढणारा मराठी तरुण जेव्हा लिहू लागेल तेव्हा स्वतःला तो कोणत्या बाजूला उभा करील, खेडुताच्या की द्वारपालाच्या, यावर त्या लेखनाचे बरेच काही अवलंबून राहील.

काफ्काने के.ला कोणत्याच बाजूला सुखाने उभे राहू दिले नाही. इटालियन पाहुण्याच्या प्रकरणात हे सर्वांत करुण रीतीने दिसते. ही कामगिरी एरवी सन्मानाची. पण आता कचेरीबाहेर काढलेला प्रत्येक तास के.ला भिववतो, कारण त्या तासात उपसंचालक आपल्या टेबलाशी येईल, कागद चाळील, आपल्या ग्राहकांना भेटेल, चुका हुडकील. रात्र जागून त्याने इटालियन व्याकरण घोकले आहे. प्रत्यक्षात पाहुण्याची बोली त्याला कळत नाही. संचालकाला ती सहज कळते आणि तो मधल्या मध्ये के.ला सार समजावून देतो. त्रिएस्तेच्या कंपनीत इटालियन शिकू लागलेला चोवीस वर्षांचा काफ्का या पानांत कोठेतरी आहे. ठरल्या वेळी पाहुणा कॅथीड्रलमध्ये येत नाही. के. बँकेच्या कामासाठी पावसात उभा राहतो, आत जातो, आणि आतून त्याचे नाव घेतले जाते.

शेवटच्या प्रकरणात बँक नाही. एकतिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी, नऊच्या सुमारास, लांब कोट आणि उंच टोप्या घातलेले दोन गृहस्थ के.च्या खोलीवर येतात. के. काळे कपडे करून, नवे हातमोजे चढवीत, दाराजवळ खुर्चीत बसलेला आहे. पहिल्या प्रकरणात काफ्काने सहज म्हणून एक माहिती दिली होती : त्या वसंतात के. बहुधा रात्री नऊपर्यंत कचेरीतच बसत असे. या दिवशी तो बँकेत गेला होता की नाही, हे काफ्का सांगत नाही.